रंगाचे सात हात

ड्राहोमीरा फोनवर एवढंच म्हणाली:
लाल दिवा विझत नाही.
मग थोडं थांबून, बॅटरी तिसरी आहे.

नोव्हेंबरात सझावाकाठी चारलाच अंधारतं.
मीटर, टेस्टबल्ब, पॉलिशपेपरचा तुकडा
आणि जुन्या मोज्यात बांधलेले पाने घेऊन मी गेलो.

कोठारात, सफरचंदांच्या पेट्यांआड
ओताकारची जावा. छप्पन सालची, अडीचशे.
पिकल्या चेरीचा रंग, इतका खोल
की टाकीत माझं टक्कल दिसलं,
आणि टकलामागे दाराशी उभी ती, हात एप्रनमध्ये.
"तीन वर्षं रंगवत होता. सात हात दिले."
आठव्याचं ती बोलली नाही,
मीही विचारलं नाही.
शवपेटीला खांदा देणाऱ्यांत मी होतो.

बरं. आधी बॅटरी.
गाडी बंद: सहा पूर्णांक तीन.
दुसऱ्या किकेला बोलली, निळा धूर, गोडसर.
रेस दिली: सहा पूर्णांक एक.
अजून दिली: सहा.
म्हणजे खर्च चालू, जमा शून्य.
बॅटरी बदलत राहणं म्हणजे
पाणी नाही म्हणून रांजण बदलणं.

उजवीकडचं झाकण काढलं.
कार्बन झिजून नखाएवढे उरले असतील, वाटलं होतं;
निघाले चांगले पेरभर, स्प्रिंगाही ताठ.
कॉम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसला.
दोन वायरी सोडवल्या, एक इंजिनला टेकवली, रेस दिली.
काटा आधी एका व्होल्टपाशी घुटमळला
(लोखंडात मुरलेलं जुनं चुंबकत्व,
तेवढ्याच आठवणीवर डायनामो रोज नव्याने उठतो)
मग सात. मग नऊ.
डायनामो निर्दोष.

रेग्युलेटर उघडला. पॉइंट साफ, गुंडाळी शाबूत.
तोही सुटला.

आता आली पंचाईत.
एकूण एक साक्षीदार खरं बोलत होता
आणि चोरी तर झालेली होती.

रम घातलेला चहा आला.
"विकून टाकू का? ब्र्नोचा एकजण मागतोय."
"दिवा जळत असला तर भाव पाडेल."
ती हसली नाही. कप तोंडाशी असताना मला दिसलं,
रेग्युलेटरच्या पट्टीवरच्या स्क्रूचं डोकंसुद्धा चेरी.
पट्टी सोडवली. मागूनही तसंच,
जिथे कुणी जन्मात डोकावणार नव्हतं तिथेही
सात हात, एक थेंब ओघळलेला नाही.

वायरीचा तुकडा घेतला.
एक टोक रेग्युलेटरच्या अंगाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला.
दिवा विझला.
काढला, लागला.
पुन्हा लावला, ते फक्त तिला दाखवायला.

"रंगाने अडवलंय. रेग्युलेटरला अर्थ मिळत नाहीये.
खरवडावं लागेल."
"किती?"
"पाच कोरुनांच्या नाण्याएवढं."

तिने हात पुढे केला, कप घ्यायला वाटलं.
पॉलिशपेपर घेतला.
खाली बसून स्वतःच घासू लागली.
चेरी, चेरी, मग एका थरात अडकलेलं चिलट.
"जूनमधलं," ती म्हणाली. "दार उघडं टाकायचा."
चेरी. राखाडी प्रायमर.
त्याखाली कारखान्याचा विटका तांबडा,
मग पोलाद, टाचणीच्या डोक्याएवढं,
मग नाण्याएवढं. तिथे ती थांबली,
त्याहून एक घासा जास्त नाही.

स्क्रू आवळला. किक.
मंद चालीत दिवा जरा लुकलुकतो, लुकलुकू दे,
या गाड्या अशाच. रेस दिली की गप्प.
मीटर: सात पूर्णांक एक.
ब्र्नोचं नाव पुन्हा निघालं नाही.

"विझला," ती म्हणाली, "मग काळोख एवढा कसा?"
पाच वाजून गेले होते.
मी हेडलाइट लावला.
सहा व्होल्टचा उजेड, तो असून असून किती;
पण समोरच्या पेटीतली सफरचंदं
एकेक मोजता आली असती.